मागच्या चाकाचं बेअरिंग : ग्रीसगन उचलायच्या आधी

या महिन्यात जुन्या गाड्यांबद्दल जी पत्रं आली त्यातली बहुतेक मागच्या चाकाच्या बेअरिंगची निघाली, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज फक्त हाच विषय.

प्रश्न (अमळनेर) : दादा, माझ्याकडे १९६९ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री आहे. मामांनी हौसेनं घेतलेली, आता माझ्याकडे आहे. वर्षातून लग्नसराईत आणि दिवाळीत चालवतो, बाकी शेडमधेच असते. मागच्या चाकांना ग्रीस करायचं म्हणून मिस्त्रीकडे नेली तर त्याला कुठंच निप्पल (ग्रीसगन लावायची तोटी) सापडला नाही, तो म्हणे हे सील्ड बेअरिंग आहे याला काही करायचं नसतं. माझा एक मित्र म्हणतो पूर्ण हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) उतरवून हातानं ग्रीस भर. कोणाचं ऐकू?

उत्तर : भाऊ, दोघांचंही नको. तुमच्या गाडीत निप्पल नाही हे मिस्त्रीचं खरं, पण त्यावरून सील्ड बेअरिंग आहे असं होत नाही. स्पिटफायर १९६२ साली आली ती ट्रायम्फ हेराल्डची चासी आखूड करून बनवलेली, आणि मागच्या हबची मांडणी पण हेराल्डच्याच घराण्यातली. हीच हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायची, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडचा एखादा म्हातारा मिस्त्री जर हेराल्डवर हात चालवलेला असेल तर त्याला विचारा, तो तुम्हाला न बघता सांगेल की चाकाच्या आतल्या बाजूला हबच्या हौसिंगवर एक छोटं बुच असतं. ते बुच काढायचं, त्याच आट्यांचा ग्रीस निप्पल तिथं तात्पुरता लावायचा, ग्रीस द्यायचं, निप्पल काढायचा आणि बुच परत लावून टाकायचं. इतकं साधं आहे, पण ते बुच वर्षानुवर्षांच्या मातीखाली आणि जुन्या ग्रीसच्या थराखाली असं गाडलेलं असतं की नुसत्या नजरेला दिसतच नाही, बोटानं चाचपून मग डिझेल आणि ब्रश घेऊन घासावं लागतं.

आत काय आहे ते समजून घ्या म्हणजे मी पुढं जे सांगतो त्याचं कारण कळेल. त्या हौसिंगमधे दोन बेअरिंग आहेत. बाहेरच्या बाजूला, म्हणजे चाकाकडे, छर्र्यांचं बेअरिंग, आणि आतल्या बाजूला निडल बेअरिंग, बारीक सुयांसारखे रोलर असलेलं. हे निडल बेअरिंग थेट शाफ्टवरच फिरतं, त्याला स्वतःची वेगळी आतली रिंग नाही. म्हणजे ते कोरडं पडलं तर नुसतं बेअरिंग खराब होऊन भागत नाही, सुया शाफ्टलाच खातात, शाफ्टवर चर पडते, आणि मग नवीन बेअरिंग बसवून काही उपयोग नाही कारण ती खाल्लेली जागा तशीच राहते. शाफ्टच बदलावा लागतो. चर खोल गेली तर शाफ्ट त्याच जागी कमजोर होतो, आणि या गाडीत चाक त्या शाफ्टच्याच जोरावर आहे हे विसरू नका. म्हणून सांगतो, या चार पंपाच्या ग्रीसला मी इंजिन ऑइलपेक्षा कमी महत्त्व देत नाही.

आता करायचं कसं. सकाळी गाडी थंड असताना सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडाचे ओंडके लावा, मागून जॅक लावून खाली घोडी द्या, नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही, चाक काढून ठेवा म्हणजे नीट दिसतं. बुचाच्या आजूबाजूची जागा आधी चकचकीत पुसून घ्या, नाहीतर बुच काढल्याबरोबर पहिला मातीचा खडा आत जाणार आणि आपली काळी माती अशी आहे की ग्रीसमधे मिसळली की घासायची पेस्टच तयार होते. निप्पल हातानं दोन-तीन आटे जाईल असाच हवा, जबरदस्तीनं पान्यानं फिरवू नका, हौसिंगचे आटे गेले तर वेगळंच लफडं. मग ग्रीसगन लावायची आणि अगदी हळू, एक पंप, थांबा, हब हातानं फिरवा, दुसरा पंप, परत फिरवा. साधारण चार-पाच पंपात काम होतं. नजर आतल्या सीलवर ठेवा, जिथून शाफ्ट बाहेर येतो तिथं. तिथं ग्रीसची बारीक कड दिसली की बस. तिथंच थांबायचं.

थांबायचं हे मी मोठ्यानं सांगतोय कारण नुकसान बहुतेक वेळा ग्रीस कमी पडून जितकं होतं तितकंच जास्त भरून होतं. ग्रीसगनमधे जोर भयंकर असतो, हाताला तो जाणवत नाही. ट्रॅक्टरला जसं आपण ग्रीस बाहेर सांडेपर्यंत मारतो तसं इथं मारलं तर बाहेरचं सील उलटं होतं आणि ग्रीस थेट ब्रेक ड्रममधे. मग ब्रेकचे लायनर (ड्रमवर घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) भिजले की ते पेट्रोलनं धुऊन, वाळवून, पॉलिशपेपर मारून परत वापरायचे प्रकार करतात लोक, ते करू नका, लायनरमधे मुरलेलं ग्रीस गरम झालं की परत वर येतं. भिजलेले लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदला, एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते. आणि हो, जुना ड्रम उघडला की आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या चिंधीनं पुसा आणि ती चिंधी पिशवीत बांधून टाका.

तुमच्या मित्राचं म्हणणं एका बाबतीत मात्र मला पटतं. गाडी जर दहा-पंधरा वर्षं उभीच असेल तर आतलं ग्रीस वाळून साबणाच्या वडीसारखं झालेलं असतं, त्यावर नवीन ग्रीस पंप केलं तर ते जुन्याला बाजूला सारून स्वतःची वाट काढतं आणि निडल बेअरिंगपर्यंत पोचेलच याची खात्री नाही. अशा वेळी एकदा पूर्ण खोलून धुऊन भरणं योग्य. पण घरी करायला जाऊ नका. या गाडीचा हब टेपर, म्हणजे निमुळत्या, शाफ्टवर चावी घालून बसवलेला असतो, पन्नास वर्षात तो असा धरून बसतो की साधा दोन पायांचा पुलर वाकतो. काही जण शाफ्टच्या टोकावर घण घालतात, त्यानं आटे फुटतात आणि आतल्या बेअरिंगवर पण मार बसतो. चाकाचे चारही स्टड धरणारी जाड प्लेट आणि मधे मोठा बोल्ट असा पुलर लागतो. आपल्याकडे तयार मिळाला नाही तरी एखादा चांगला लेथवाला, जो ट्रॅक्टरची कामं करतो, तो दिवसाभरात करून देईल. बोल्ट ताणून ठेवायचा, रात्रभर तसाच सोडायचा, सकाळी परत ताणायचा, आणि सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो म्हणून नट पूर्ण काढू नका, टोकावर दोन आटे ठेवा, नाहीतर हब अंगावर येईल.

एक शेवटचं. याच गाडीच्या पुढच्या बाजूला, खालच्या ट्रनियनला (चाक वळवताना फिरणारा आट्यांचा सांधा), ग्रीस नाही तर ईपी ९० ऑइल, म्हणजे गिअरचं जाड तेल, द्यायचं असतं. आख्खी दुनिया तिथं ग्रीस मारते. ग्रीस त्या बारीक आट्यांमधे नीट फिरत नाही, आत गंज धरतो आणि पुढची लिंक तुटते, चाक आडवं पडतं. एकाच गाडीत पुढं तेल आणि मागं ग्रीस, हे मिस्त्रीला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगून त्याच्या ध्यानात राहणार नाही कारण त्याच्याकडे दिवसाला वीस गाड्या येतात.

प्रश्न (धुळे) : भाऊ, एमजीबी आहे, १९६४ ची. मागचं उजवं चाक आतून तेलानं भिजतंय, ब्रेक पकडत नाही. गॅरेजवाल्यानं सांगितलं बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन गळतंय, त्यानं नवीन ग्रीस भरून दिलं, पंधरा दिवसात परत तेच. लळिंगच्या घाटात उतरताना भीती वाटते.

उत्तर : भीती वाटते ते बरोबरच आहे, आधी गाडी उभी करा, घाटात नेऊच नका. मग ऐका. तुमच्या गाडीचा मागचा एक्सल हा जुन्या पद्धतीचा, मधे मोठं गोल पोट असलेला बँजो एक्सल. एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत बनली पण उघड्या टपाच्या गाडीला नंतरचा ट्यूब एक्सल १९६७ च्या सुमारास आला, तुमची त्याच्या आधीची. या बँजो एक्सलमधे चाकाच्या बेअरिंगला वंगण डिफरन्शियलच्याच (एक्सलच्या मधल्या पोटातल्या गिअरच्या) तेलातून मिळतं. गाडी चालली की तेल एक्सलच्या नळीतून वाहत टोकापर्यंत जातं आणि बेअरिंग भिजवतं. बसवताना बेअरिंगला थोडं ग्रीस चोळून बसवायचं असतं, सुरुवातीचे काही किलोमीटर कोरडं राहू नये म्हणून, पण नंतर त्याचं पोट तेलावरच भरतं. म्हणून तुमच्या गॅरेजवाल्यानं कितीही ग्रीस भरलं तरी ते तेलात विरघळून बाहेरच येणार. तुमचं गळतंय ते ग्रीस नाही, एक्सलचं तेल आहे. बोटावर घेऊन वास घ्या, एक्सलच्या या हायपॉइड तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही.

आता सील बदलायच्या आधी दोन गोष्टी बघा, दोन्ही फुकट आहेत. पहिली, एक्सलवर एक छोटा ब्रीदर असतो, हवा जायचं भोक. ते मातीनं बुजलं की गरम झाल्यावर आतली हवा फुगते, तिला जायला वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून ढकलते. तुमच्याकडे हायवेचं काम चालू असताना जी धूळ उडते ती बघता हे भोक बुजलं नसेल तरच नवल. तारेनं मोकळं करा, आजूबाजूची माती आधी पुसून. दुसरी, तेलाची पातळी. गाडी सपाट जागेवर असताना भरायच्या बुचाच्या कडेपर्यंतच तेल हवं, बुच काढल्यावर जास्तीचं वाहून जाऊ द्यायचं. लोक मागून जॅक लावून तेल भरतात, त्यात गडबड होते, गाडी खाली आल्यावर पातळी वेगळीच निघते. तेल जास्त असलं की ते हबकडे जास्त ढकललं जातं.

या दोन्ही ठीक असतील आणि तरी गळत असेल तर सील गेलंय. सील बदलताना हबच्या बाहेरच्या बाजूचा कागदी गॅस्केट आणि रबरी रिंग पण नवीन टाका, जुनी परत वापरू नका, कारण तेल फक्त आतल्या सीलमधूनच येतं असं नाही, या बाहेरच्या जोडातून पण येतं आणि बऱ्याच वेळा सील बदलूनही गळती राहते ती ह्यामुळे. आणि सील ज्या जागेवर घासतं तिथं नखानं चाचपून बघा, खाच लागली तर नवीन सील पण टिकणार नाही. लायनरचं वर सांगितलंच.

प्रश्न (भुसावळ) : माझ्या वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, मी चालवते. ताशी चाळीसच्या वर मागून घरघर आवाज येतो. एक जण म्हणतो टायर, एक म्हणतो डिफरन्शियल, एक म्हणतो बेअरिंग. खोलायच्या आधी घरच्या घरी कसं ओळखायचं?

उत्तर : ताई, हा प्रश्न वाचून मला आमची हेराल्ड आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या वडिलांच्या गाडीला असाच आवाज होता, मागून डावीकडून, आणि आम्ही सगळे म्हणायचो टायर घासलेत, पुढच्या महिन्यात बदलू. पारोळ्याहून येताना तो आवाज घरघरीवरून खरखरीवर गेला, उतरून हात लावला तर एक हब नुसता कोमट आणि दुसरा असा तापलेला की हात ठेववेना. खोलल्यावर निडल बेअरिंगच्या जागी तांबूस भुकटी होती आणि शाफ्टवर नखात अडकेल इतकी चर. गाडी तीन महिने उभी राहिली शाफ्ट मिळेपर्यंत. जुन्या मिस्त्रीबुवांनी तेव्हा अहिराणीत एकच वाक्य सांगितलं, चाक काय बोलस ते पहिले आयक, आणि त्यानंतर मी आवाज कधी उद्यावर टाकला नाही.

तर ऐकायचं असं. मोकळ्या रस्त्यावर काचा खाली करून पन्नासवर जा. डांबरी सोडून काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा सूरच बदलला तर टायर. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो आणि सोडला की कमी होतो किंवा वेगळाच होतो तर डिफरन्शियलकडे बघा. दाबा, सोडा, आवाज तोच, फक्त स्पीडबरोबर वाढतो-कमी होतो, आणि लांब वळणावर अंगभार एका बाजूला गेला की तो वाढतो किंवा गायब होतो, तर बेअरिंग. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो, त्यावरून साधारण बाजू पण कळते. आणि गाडी सुटताना किंवा गिअर टाकताना एकदाच टक्क असा आवाज येत असेल तर तो हबचा नाही, शाफ्टच्या यूजे क्रॉसचा (शाफ्टला वाकून फिरू देणारा सांधा).

मग पहाटे, ऊन पडायच्या आत, पंधरा-वीस किलोमीटर चालवून दोन्ही हबला उलट्या हातानं स्पर्श करून बघा. पहाटेच म्हणतो कारण मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो, दुपारी सगळंच लोखंड चटका देतं, काही कळत नाही. दोन्ही सारखे कोमट असायला हवेत. ब्रेक कमीत कमी वापरा त्या फेरीत, नाहीतर ब्रेकची गरमी तुम्ही बेअरिंगच्या नावावर लावाल. शेवटी चाक उचलून वरून-खालून धरून हलवा आणि हळू फिरवा, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगच्या पट्टीत बारीक थरथर हाताला लागते, कानाला यायच्या आधी. हेराल्डचं वंगण अमळनेरच्या भाऊंना सांगितलं तसंच, बुच काढून. पण आवाज सुरू झालेला असेल तर ग्रीस मारून आवाज दाबायचा प्रयत्न करू नका, ग्रीसनं आवाज आठ दिवस गप बसतो आणि आत शाफ्ट खाणं चालूच राहतं. आधी खोला.

प्रश्न (चोपडा) : ग्रीस कोणतं वापरायचं? माझ्याकडे शेतीच्या अवजारांचं पिवळं ग्रीस ड्रमभर आहे, ते चालेल का?

उत्तर : ड्रमवर काय लिहिलंय ते बघा, रंगावर जाऊ नका, रंग कंपनी टाकते तो. मागच्या चाकाला लिथियम बेसचं, एनएलजीआय २ नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर) चांगलं ग्रीस पुरेसं आहे. साधं लिथियम ग्रीस साधारण १८० डिग्रीच्या पुढं वितळायला लागतं, लिथियम कॉम्प्लेक्स २६० च्या आसपासपर्यंत टिकतं, आपल्या उन्हाचा विचार करता मी स्वतः कॉम्प्लेक्स वापरतो, किलोमागं थोडे पैसे जास्त जातात पण लागतं किती, मूठभर. अवजारांचं जुनं कॅल्शियम ग्रीस पाण्याला चांगलं पण गरमीला टिकत नाही, ते नांगराच्या चाकालाच राहू द्या. आणि दोन जातीची ग्रीस मिसळू नका. लिथियममधे बेंटोन मातीचं किंवा पॉलियुरिया ग्रीस मिसळलं तर कधीकधी मिश्रण तेलासारखं पातळ होतं. आत आधी काय आहे माहीत नसेल तर पूर्ण धुऊन मगच नवीन.

हातानं भरताना बेअरिंग पूर्ण भरायचं, तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत जायची, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत, पण हौसिंगमधली मोकळी जागा तिसरा हिस्सा, फार तर निम्मी. सगळी ठासून भरली तर ग्रीस घुसळून घुसळून गरम होतं. आपल्याकडे बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यातून आजोबा चिंधीनं आखाला इतकं थोडं लावायचे की मला लहानपणी वाटायचं हे कंजूषपणा करतात, पण ते रोज लावायचे. थोडं आणि वेळेवर. ग्रीसगननं आपल्याला एकदम भरपूर मारायची सवय लावली.

प्रश्न (शहादा) : पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी गेली, हबपर्यंत पाणी होतं. एमजी मिजेट आहे. काही करावं लागेल का?

उत्तर : लागेल, आणि या आठवड्यातच. चालून गरम झालेला हब आणि एक्सल एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. मिजेटचं मागचं बेअरिंग पण एक्सलच्या तेलावरच चालतं, त्यामुळे ग्रीसची भानगड नाही, डिफरन्शियलचं तेल काढून बघा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी खालचं बुच एकदम न काढता हळूहळू ढिलं करा, आधी पाण्याचे थेंब येतात का ते बघा. तेल चहासारखं दुधाळ निघालं तर पाणी मिसळलंय, सगळं काढा, नवीन भरा, शंभरेक किलोमीटर चालवून परत एकदा बदला. स्वच्छ निघालं तरी मी तर बदलूनच टाकीन. दोन्ही ड्रम उघडून आतला चिखल पुसा, हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवू नका त्या दिवसात, लायनर ड्रमला चिकटून बसतात. पुढच्या चाकांना मात्र ग्रीसच असतं, ते काढून, धुऊन, वाळवून नव्यानं भरा, पाणी लागलेलं ग्रीस फिकट आणि मलईसारखं दिसतं, लगेच ओळखू येईल.

किती दिवसांनी करायचं असं सगळ्यांनीच विचारलंय. जुन्या हँडबुकात आकडे मैलात असतात, १२,००० मैल म्हणजे १९,३०० किलोमीटर, आणि वर्षाला हजार-दीड हजार चालणाऱ्या गाडीला ते गाठायला तेरा ते एकोणीस वर्षं लागतील. तोवर ग्रीस वाळून जाईल. म्हणून आपल्या भागात मी सांगतो, पाऊस संपला, रस्ते वाळले, की दिवाळीच्या आधी वर्षातून एकदा बुच काढून बघा आणि वहीत तारीख लिहून ठेवा.